नेवऱ्यांच्या दुकानाचं लायसन आणि माझे साडेआठ हजार

हे लिहू की नको करत सहा महिने गेले. नवरा म्हणतो गप्प बस, लोक हसतील. हसू देत, पण यंदा गणेश चवथीच्या आधी अजून कोणीतरी बाई नेवऱ्या (करंज्या)-लाडवांचं दुकान टाकायला निघणार आणि लायसन करून देतो म्हणून मला फसवणारा तो माणूस अजून आमच्या गोव्यातल्या फोंड्यातच फिरतोय, म्हणून लिहितेय.

मी घरातून ऑर्डरी घ्यायचे, नेवऱ्या, रव्याचे लाडू, चकल्या, आणि सासूबाईंच्या हातची शंकरपाळी (ती माझी म्हणून विकली गेली हे त्यांना माहीत आहे, ओरडू नका). 2024 ची चवथ 7 सप्टेंबरला होती. जुलैत फोंड्याजवळ कुर्टीच्या बाजूला रस्त्याला लागून एक खोली भाड्याने मिळाली, म्हटलं चवथीच्या आधी काउंटर चालू करूया, सकाळी पातळ भाजी-पाव आणि चहा पण ठेवूया. डिपॉझिट गेलं, शेगडी आली, फळ्या ठोकून झाल्या आणि तेव्हा कोणीतरी विचारलं लायसनचं काय. तोपर्यंत तो विचार आमच्या डोक्यातच नव्हता, खरं सांगते.

हा माणूस आला तो सुताराच्या ओळखीने. सुतार चांगला, त्याचा काही दोष नाही, त्याला पण वाटलं वहिनींचं काम होईल. माणूस पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल, आणि त्या फाइलीत दुसऱ्यांची सर्टिफिकेटं. एकेक काढून दाखवत होता, हे बघा बेकरीचं, हे बघा ज्यूसवाल्याचं. मी म्हटलं मीच ऑफिसात जाऊन येते, तर म्हणाला "वहिनी, तुम्ही कशाला धावता, हांव आसां न्हय!" (मी आहे ना) मग सुरू झालं, पालिकेत चार टेबलं आहेत, बांबोळीला एफडीएच्या (अन्न आणि औषध खात्याच्या) साहेबांना भेटावं लागतं, कदंबा बसने जाऊन-येऊन तुमचे तीन दिवस जातील, आणि लायसन नसताना दुकान उघडलं तर पाच लाख दंड आणि सहा महिने जेल. जेल म्हटल्यावर माझे हातपाय गार पडले. चवथीला महिना राहिलेला, पावसात खोलीला ओल येत होती, डोकं तसंही ठिकाणावर नव्हतं.

पॅकेज म्हणून साडेआठ हजार सांगितले, त्यात "पालिका, हेल्थ आणि फसाई सगळं आलं". (एफएसएसएआय म्हणजे केंद्राचं अन्न सुरक्षेचं खातं, त्याला इकडे बरेच जण फसाईच म्हणतात. आता ऐकलं की मलाच हसू येतं.) पहिले तीन हजार फोनवरून पाठवले, ते गेले कुठल्यातरी बाईच्या नावावर. विचारलं तर म्हणाला मिसेसचं अकाउंट आहे. मग त्याने स्वतःच्या मोबाइलवर एक साइट उघडली, वर तीन सिंह, तिरंगी पट्टी, सगळं सरकारी दिसत होतं, त्यात माझं नाव-पत्ता भरला, आधारचा फोटो घेतला आणि मला आलेला ओटीपी पण मागून घेतला. मी दिला. हो, मीच दिला, बँकेचे मेसेज रोज वाचून पण दिला, कारण माणूस समोर खुर्चीवर बसून चहा पीत होता, फोनवरचा अनोळखी नव्हता ना. नंतर अडीच हजार रोख, "साहेबांचे". दहा दिवसांनी रंगीत सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेऊन आला आणि उरलेले तीन हजार घेऊन गेला. पावती मागितली तर म्हणाला वहिनी, अशा कामाची पावती असते का. हे वाक्य ऐकून तरी मला कळायला हवं होतं, पण मी उलट लाजले, जसं काही मीच चुकीचं विचारलं.

सर्टिफिकेट गणपतीच्या फोटोखाली लावलं. चवथ जोरात गेली, दीडशे डबे गेले, सगळं विसरले.

डिसेंबरात एका ऑफिसची फराळाची मोठी ऑर्डर आली, त्यांच्या अकाउंट्सच्या मुलीने सांगितलं बिलावर एफएसएसएआय नंबर छापून द्या, 2022 पासून तो बिलावर लागतोच. मी भिंतीवरचा नंबर दिला. अर्ध्या तासात तिचा फोन, ताई, हा नंबर तर महाराष्ट्रातल्या एका चहाच्या दुकानाचा दिसतोय. मी म्हटलं तू चुकीचा टाकला असशील. परत टाकला, तेच. मग तिनेच फोनवर समजावलं, वयाने माझ्या मुलीएवढी असेल. नंबर चौदा आकडी असतो. पहिला आकडा 1 असेल तर लायसन, 2 असेल तर नुसती नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा 15, आपल्या गोव्याचा 06. माझ्या भिंतीवरचा चार महिने 215 ने सुरू होत होता आणि मी रोज त्याला अगरबत्ती दाखवत होते! एफएसएसएआयचं फॉसकॉस म्हणून पोर्टल आहे, पत्त्यात शेवटी gov.in, म्हणजे गव्ह डॉट इन, असं इंग्रजीत लिहिलेलं असतं, तिथे नंबर टाकला की दुकानाचं नाव येतं, लॉगिन पण लागत नाही. त्याने मला दाखवलेल्या साइटच्या पत्त्यात ते गव्ह नव्हतंच, सिंह मात्र होते.

दुसऱ्या दिवशी पालिकेत गेले, म्हटलं निदान तिथलं तरी खरं असेल. काउंटरवरच्या बाईंनी पत्ता वाचला आणि म्हणाल्या, अहो ताई, ही जागा आमच्याकडे येतच नाही, ही पंचायतीत येते. म्हणजे ज्या पालिकेच्या चार टेबलांचे पैसे मी भरले त्या पालिकेचा माझ्या दुकानाशी संबंधच नव्हता! आपण सगळे सरसकट फोंडा म्हणतो, पण शहराची हद्द कुठे संपते आणि पंचायत कुठे सुरू होते ते घरपट्टीच्या पावतीवर बघायचं असतं, मालकाकडे मागितली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं.

मग सगळं पहिल्यापासून. पंचायतीत अर्ज, मालकाची एनओसी, घरपट्टीची पावती, आणि आरोग्य केंद्राची एनओसी, त्याचे लोक येऊन खोली बघून गेले, मोरीला जाळी बसवायला सांगितली, बसवली. त्याला वेळ लागला, खोटं कशाला सांगू, दोन फेऱ्या फुकट पण गेल्या. पण पैसे भरले त्याची नंबर असलेली पावती मिळाली. आणि ज्या एफएसएसएआयच्या नावाने मला जेल दाखवली होती ती नोंदणी भाच्याने रात्री जेवण झाल्यावर बसून फॉसकॉसवर भरली. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा. वर्षाची विक्री 12 लाखांच्या आत असली तर फी तेव्हा वर्षाला 100 रुपये होती. शंभर! बांबोळीला जावं लागलं नाही, आठवड्याभरात सर्टिफिकेट आलं, नंबर 206 ने सुरू.

आणि ते पाच लाख नि सहा महिने? भाच्याने 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यातलं मूळ कलम काढून वाचून दाखवलं, कलम 63. ती शिक्षा त्यात होती ती ज्यांना लायसन लागतं त्यांच्यासाठी, माझ्यासारखे लहान धंदेवाले त्यातच वेगळे काढलेत. म्हणजे नोंदणी करायचीच नाही असं नव्हे, ती लागतेच, पण जेलची भीती घालून माझ्याकडून जे काढलं ते निव्वळ त्याच्या खिशात गेलं.

माझ्या एका मैत्रिणीचं वेगळंच झालं. तिचं सर्टिफिकेट खरं आहे, पण एजंटने पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा टाकलाय, त्यामुळे रिन्यूअलचे मेसेज त्याला जायचे आणि दर वेळी तो दोन हजार मागायचा. तेव्हा एजंट घेतलात तरी मोबाइल नंबर तुमचाच टाकायला लावा, समोर बसून.

तक्रार केली का, सगळे विचारतात. सायबर फसवणुकीच्या 1930 या नंबरवर फोन केला, पोलीस स्टेशनला पण लिहून दिलं. फोनवरून गेलेल्या तीन हजारांचा निदान पुरावा होता, रोख साडेपाच हजारांचा काहीच नाही. नवऱ्याने सुताराला घेऊन त्या माणसाला एकदा बाजारात गाठलं तेव्हा दोन हजार काढून दिले आणि म्हणाला बाकीचे वरच्यांना गेले. वरचे कोण ते काही सांगितलं नाही. त्यानंतर फोन बंद.

गेल्या महिन्यात तो परत दिसला, तीच फाइल, नवीन उघडणाऱ्या एका ज्यूसच्या दुकानातून बाहेर पडत होता. तो गेल्यावर मी आत गेले, काउंटर पुसत असलेल्या पोराला सांगितलं, बाबा, याला पैसे देऊ नको. तो म्हणाला, "नाही ताई, ते आमच्या मावशीच्या ओळखीचे आहेत." त्याच्या मोबाइलवर मी पोर्टल उघडून दिलं, नंबर कुठे टाकायचा तेवढं दाखवलं, आणि खोबरं घ्यायला बाजारात गेले.