भाल्यांनी माना टाकल्या तेव्हा कळलं

गेल्या तान्ह्या पोळ्याला लेकाचा लाकडी बैल रंगवायला घेतला. शिंगावर सोनेरी रेघ ओढता ओढता पुण्यातलं हॉस्टेल आठवलं. तिथे एका सीनियरमुळे मला वॉरहॅमर या टेबलावर खेळायच्या युद्धखेळाच्या मूर्ती रंगवायचं वेड लागलं होतं. अंगठ्याएवढे सैनिक आणि त्यांच्या नखाएवढ्या ढाली. माझी फौज टूम किंग्जची, म्हणजे इजिप्तच्या थाटातले सांगाडे आणि त्यांचे रथ. नोकरी, लग्न, बिऱ्हाड हलवणं या भानगडीत ती कुठे गेली देव जाणे. बैल रंगवून झाला, पण हात शिवशिवतच राहिले.

शोधता शोधता एप्रिलमध्ये जुन्या टूम किंग्जची एक ऑनलाइन जाहिरात दिसली. फोन केला तर माणूस बोलायला गोड. पहिलाच प्रश्न, "दादा, किती वर्षांनी परत रंगवताय?" मी कौतुकाने सांगितलं, पंधरा. त्याने तेवढ्यात माझं माप घेतलं, हे आता कळतं. इतकी वर्षं बाहेर राहिलेल्याला जुन्याची ओढ असते आणि मधल्या काळात काय घडलं याचा पत्ता नसतो.

त्याने सांगितलं ते अर्धं खरंच होतं. २०१५ मध्ये वॉरहॅमरच्या कंपनीने खेळातलं ते जुनं जग संपवून एज ऑफ सिग्मार हा नवा खेळ आणला आणि पुढे टूम किंग्ज बाजारातून गेले. म्हणून हा माल दुर्मिळ, म्हणून हा भाव. उरलेलं अर्धं त्याने गिळलं. जानेवारी २०२४ मध्ये द ओल्ड वर्ल्ड नावाने तो खेळ परत आला, आणि सुरुवातीच्या फौजांमध्येच टूम किंग्ज होते. तेच सांगाडे पुन्हा नव्या बॉक्समध्ये विकायला आले. फोनवर दोन मिनिटं शोधलं असतं तरी सापडलं असतं. मी शोधलं नाही, कारण मला ते दुर्मिळच हवे होते.

चाळीस सांगाडे, तीन रथ, १४,५०० रुपये. "ओरिजिनल प्लास्टिक आहे, फ्रेममधून कापून ठेवलंय फक्त." इथेच थांबायला हवं होतं. प्लास्टिकचे सुटे भाग एका चौकटीत जोडलेले येतात, तिला स्प्रू म्हणतात. स्प्रूच नाही म्हटल्यावर माल कुठला हे सांगणारा मोठा पुरावाच गेला. मी सीताबर्डीत गाडी लावून तिथेच उभ्या उभ्या सगळे पैसे यूपीआयने पाठवले. दिवसभर लोकांची व्हाउचरं तपासणारा माणूस मी!

पार्सल मे महिन्यात आलं. रात्री कूलरसमोर बसून पहिल्या सांगाड्याचा हात प्लास्टिक ग्लूने चिकटवला. सकाळी हात टेबलावर. पुन्हा लावला, पुन्हा पडला. हा ग्लू पॉलिस्टायरीनला, म्हणजे खऱ्या मूर्तींच्या प्लास्टिकला, विरघळवतो, दोन्ही कडा वितळून एकजीव होतात. तो नुसता चिकटवत नाही, एका अर्थी वेल्डिंग करतो. वितळायला समोर पॉलिस्टायरीनच नसेल तर तो काय करणार? मी मात्र ट्यूबलाच शिव्या घातल्या, नवी आणली आणि शेवटी फेवीक्विकने काम भागवलं.

मग प्रायमर मारून दहा जण बाल्कनीत वाळत ठेवले. नागपूरचं दुपारचं ऊन. चारला बघतो तर भाले वाकलेले, एकेकाने लग्नातल्या दमलेल्या बँडवाल्यासारखी मान टाकलेली. धरमपेठेतल्या मित्राला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन, "काय करून राहिला बे? हे रेझिन आहे. कॉपी आहे ही."

तो घरी आला, एक ढाल उलटी करून खिडकीशी धरली. मागे सुईच्या टोकाएवढी भोकं. खऱ्या मूर्तीवरून सिलिकॉनचा साचा काढून त्यात रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारा द्रव, ओततात, हवेचे बुडबुडे अडकले की अशी भोकं पडतात. रेझिन म्हणजे नकलीच असं नाही, त्या कंपनीच्या काही मूर्ती मुळातच रेझिनच्या असतात. पण हे सांगाडे प्लास्टिकचे निघतात. वर त्याने मला झापलं ते वेगळंच. मी आठवडाभर मास्क न लावता हे घासत होतो, आणि रेझिनची भुकटी फुफ्फुसाला वाईट. घासायचंच तर ओलं करून घासावं.

विक्रेत्याला फोन केला. तो आधी म्हणाला, ऊन लागलं असेल. मग म्हणाला, पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढी अक्कल शिल्लक होती. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, व्यवहाराचा नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट दिले. पैसे अजून आलेले नाहीत.

आता कुणाकडून जुनं घ्यायचं झालं तर मी व्हिडिओ कॉलवर ढालीची मागची बाजू आणि मिळाली तर स्प्रू बघतो, आणि एखादा सुटा भाग प्लास्टिक ग्लूने जोडून दाखवायला सांगतो. पुण्याच्या एकाने लगेच दाखवला, त्याच्याकडून सहा सांगाडे घेतले. दुसऱ्याने फोन ठेवून दिला.

मागच्या रविवारी तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, शहर वेगळं, भाव १६,००० वर गेलेला. पण पहिल्या फोटोत डावीकडच्या ढालीचा कोपरा तुटका आहे. तो तुटका कोपरा मी एप्रिलमध्ये बोटांनी मोठा करून करून पाहिला होता.