सांतियागोची वाट: फ्रेंच धरावी की पोर्तुगीज?

वसईत आमच्या ओळखीतलं कुणी ना कुणी दरवर्षी विचारतंच: सांतियागोला पायी जायचंय, वाट कुठली धरू? आगाशीचं चर्च येशूचा शिष्य संत याकोब याच्याच नावाचं. स्पेनमधल्या सांतियागो शहरात त्याची कबर; तिथपर्यंत चालत जायचं, हे माझ्या मनात लहानपणापासून होतं. मी आधी फ्रान्समधून निघणारी फ्रेंच वाट चालले, तीन वर्षांनी पोर्तुगालमधून येणारी पोर्तुगीज. माझं मत आधीच सांगून टाकते. सव्वा महिना मोकळा असेल तर फ्रेंच, दोनच आठवडे असतील तर पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातून पोर्तुगीज. दोन आठवडे आहेत म्हणून फ्रेंच वाटेचा शेवटचा तुकडा तेवढा चालायला जाऊ नका.

हा तुकडा म्हणजे सारिया ते सांतियागो, साधारण ११५ किलोमीटर. किमान १०० किलोमीटर चाललं की कोम्पोस्तेला हे प्रमाणपत्र मिळतं, म्हणून बरेच टूरवाले तिथूनच चालवतात. सगळ्यात जास्त गर्दीही तिथेच. पाय जरा कुठे सरावतात, तोवर वाट संपलेली असते. त्यापेक्षा छोटी वाट पहिल्या दगडापासून शेवटच्या पायरीपर्यंत चाललेली बरी.

पूर्ण फ्रेंच वाट फ्रान्समधल्या सें-जाँ-प्ये-द-पोरपासून सुमारे ७८० किलोमीटर, चालायचे ३० ते ३५ दिवस. पहिलाच दिवस पिरेनीज पर्वताचा: २५ किलोमीटर चाल आणि जवळजवळ १,२५० मीटर चढ. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना चढाचं काही वाटणार नाही, पण पलीकडचा रोन्सेसवायेसचा उतार गुडघ्यांवर येतो. काठ्या घ्याच. हा डोंगरमार्ग नोव्हेंबर ते मार्च बंद असतो. तेव्हा खालून वाल्कार्लोसमार्गे जावं लागतं.

खरी फ्रेंच वाट मला बुर्गोसच्या पुढे भेटली. तिथून मेसेता लागतो, सपाट पठार. कारियोन गाव सोडलं की पुढचे १७ किलोमीटर एकही गाव नाही. समोर सरळ पांढुरकी वाट, दोन्हीकडे गहू, सावलीला झाड सापडेल तर शपथ. जपमाळ तीनदा संपली तरी क्षितिज तिथंच. लोक हा भाग बसने ओलांडतात; ते करू नका, असं मी कळकळीने सांगेन. तिथे बोलणं संपतं आणि माणसं नुसती सोबत चालतात. पहिल्या आठवड्यात भेटलेल्या एका कोरियन काकूंनी माझ्या टाचेच्या फोडातून सुईदोरा ओवून पाणी काढलं होतं. पंचवीस दिवसांनंतर क्रूझ दे फेर्रोच्या लोखंडी क्रुसाखाली रिवाजाप्रमाणे घरून आणलेला दगड ठेवताना त्याच शेजारी उभ्या होत्या. इतके दिवस टिकणारी सोबत पोर्तुगीज वाटेवर मला लाभली नाही. तिथे ओळख पक्की होईस्तोवर सांतियागो येतं.

पोर्तुगीज वाटेचं मोल वेगळं आहे. पोर्तोच्या कॅथेड्रलपासून मध्य मार्गाने सुमारे २४० किलोमीटर, बारा-तेरा दिवस. बार्सेलोस, पोंती द लीमाचा जुना पूल, मग लाब्रूजाची चढण; मोठा चढ म्हणाल तर हाच. त्रास चढापेक्षा फरसबंदीचा. तासन्‌तास चौकोनी दगडांवर चालून तळवे आतून ठणकतात, म्हणून जाड तळाचे बूट घ्या. दगड नकोच असतील तर पोर्तोहून किनाऱ्याची वाट आहे. तिथे बराच वेळ समुद्रालगत लाकडी फळ्यांवरून चालता येतं, वारा मात्र सोसावा लागतो. दोन्ही वाटा रेडोंडेलाला एक होतात.

सीमेवरच्या मिन्यो नदीचा पूल ओलांडून स्पेनमधल्या तुईत शिरलं की घड्याळ एक तास पुढे करायचं. शेवटून दुसऱ्या टप्प्यावर पाद्रोन. याकोबाचं पार्थिव आणणारी नाव ज्या दगडाला बांधली, तो दगड तिथल्या चर्चच्या वेदीखाली आहे अशी श्रद्धा. गुडघे टेकून वाकून पाहिला तेव्हा मला हुंदका आवरला नाही. भक्तीने निघालेल्याला पोर्तुगीज वाट इथे जे देते, ते फ्रेंच वाटेवर नाही.

शाकाहाऱ्यांचे हाल दोन्हीकडे सारखेच. स्पेनमध्ये ‘मिक्स सॅलड’वर हमखास ट्यूना मासा येतो, पोर्तुगालच्या काल्दो वेर्दी सुपात सॉसेजची चकती. ‘मांस नको’ एवढं पुरत नाही. मासे नको, हॅम नको, असं एकेक सांगायचं. बटाट्याचं स्पॅनिश ऑम्लेट चालत असेल तर फ्रेंच वाटेवर पोट भरतं.

व्हिसाची मेख पोर्तुगीज वाटेला जास्त. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे मागायचा. फ्रेंच वाटेला पहिली रात्र फ्रान्समध्ये काढली तरी अर्ज स्पेनकडे. पोर्तुगीज वाटेवर मुक्काम जवळजवळ निम्मे-निम्मे. पोर्तो बघायला दोन दिवस थांबलात की पारडं पोर्तुगालकडे झुकतं, म्हणून दिवस बोटांवर मोजूनच फॉर्म भरा. अर्जाला मुक्कामाचे कागद लागतात आणि सरकारी आल्बेर्गे, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळा, सहसा आधी बुक होत नाहीत. खासगी आल्बेर्गे बुकिंग घेतात.

मे किंवा सप्टेंबर दोन्ही वाटांना चांगला. जुलै-ऑगस्टात मेसेता भाजून काढतो. २५ जुलै, संत याकोबाचा सण, रविवारी आला की ते पवित्र वर्ष, आणि २०२७ तसं आहे. त्या वर्षी निघणार असाल तर शेवटच्या चार-पाच मुक्कामांच्या खाटा आधीच धरा. आणि सांतियागोच्या कॅथेड्रलमधली दुपारी बाराची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, गाठायची तर सॅक आधी कुठेतरी ठेवून या. पाठीवर घेऊन आत सोडत नाहीत.