अकरा महिने, सत्तेचाळीस नग: ईबेवर जुने कॅमेरे लिलावाने विकण्याचा अनुभव

मार्च २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंगचे मोठे घर विकून मुलीच्या घराजवळ दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचे आम्ही दोघांनी ठरवले, आणि माझ्या तीस वर्षांच्या छंदाला तिथे जागा नाही हे त्याच दिवशी स्पष्ट झाले. फिल्मवर चालणारे कॅमेरे आणि त्यांच्या लेन्स मिळून पन्नासएक नग कपाटात होते. जुन्या कॅमेऱ्यांचा व्यापार करणाऱ्या एका दुकानदाराने सगळा संच एकगठ्ठा ९०० पौंडांना मागितला. त्याला दुकानाचे भाडे, दुरुस्ती आणि स्वतःचा नफा काढायचा असतो, त्यामुळे त्याच्या मागणीत गैर काही नव्हते. पण माझ्याकडे वेळ होता आणि प्रत्येक वस्तूची माहिती होती, म्हणून मी ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर एकेक नग लिलावाला काढायचे ठरवले. जानेवारी २०२६ अखेर ४७ नग विकले गेले आणि टपालखर्च वजा जाता २,६४० पौंड हाती आले. हा अनुभव ब्रिटनमधील खासगी विक्रेत्याचा आहे, दुकान चालवणाऱ्याचा नाही, हे लक्षात घेऊन तो वाचावा.

आधी थोडे व्यवस्थेबद्दल. १ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनच्या ईबेवर खासगी विक्रेत्याकडून, वाहने वगळता, विक्रीशुल्क घेतले जात नाही. त्याऐवजी फेब्रुवारी २०२५ पासून गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या किमतीतच, त्याच्या खरेदीच्या संरक्षणासाठी ईबे घेत असलेले शुल्क मिळवलेले असते. विक्रेत्याला हे फुकट वाटते, परंतु गिऱ्हाईक आपल्या खिशातून जाणाऱ्या एकूण रकमेचाच विचार करून बोली लावते, त्यामुळे तो भार काही अंशी आपल्यावरही येतो. पुढे मी सांगितलेल्या विक्रीच्या रकमा माझ्या हाती आलेल्या आहेत.

या अकरा महिन्यांत मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे लिलावातील किंमत जिंकणारा ठरवत नाही, तर हरणारा ठरवतो. ईबेवर बोलीदार आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवतो आणि संकेतस्थळ त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवत नेते. एकाने १४० पौंड नोंदवले आणि दुसऱ्याने ९०, तर सौदा ९० च्या एक पायरी वर, म्हणजे ९२ च्या आसपास थांबतो. पहिल्याची तयारी १४० ची होती हे विक्रेत्याला कधी कळतही नाही. म्हणजे आपली वस्तू मनापासून हवी असलेला एक माणूस पुरत नाही. तशी दोन माणसे लागतात, आणि त्यांतल्या दुसऱ्याच्या मनातली शंका जितकी कमी, तितकी आपली किंमत जास्त.

लासलगावच्या बाजार समितीत व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेतो, दाबून पाहतो, पत्ती कशी आहे ते बघतो आणि मग भाव बोलतो. इथे बोलीदाराला माल हातात घेता येत नाही, म्हणून त्याचे हात आणि डोळे आपण व्हावे लागते. पहिल्या दोन महिन्यांत मी हे नीट केले नाही. ‘तपासलेला नाही’ असे लिहून मी एक ऑलिंपस ट्रिप ३५ विकायला काढला आणि तो ११ पौंडांना गेला. त्या दोन शब्दांचा अर्थ प्रत्येक जाणकार ‘बिघडलेला आहे’ असाच लावतो, आणि ते योग्यच आहे.

ट्रिप ३५ हा १९६७ पासून १९८४ पर्यंत बनलेला, ब्रिटनमध्ये घरोघरी असलेला कॅमेरा. त्याला बॅटरी लागत नाही. लेन्सभोवती सेलेनियमची, म्हणजे प्रकाशातून वीज तयार करणाऱ्या पदार्थाची, पट्टी असते; तिच्यावर प्रकाश पडला की प्रकाश मोजणारा मीटर चालतो. तो तपासणे अगदी सोपे आहे. आत येणारा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या छिद्राची कडी ‘ए’ वर ठेवून लेन्स हाताने झाकावी आणि बटण दाबावे. कॅमेऱ्याच्या डोळा लावायच्या खिडकीत लाल निशाण वर आले आणि शटर अडले, तर ती यंत्रणा जागेवर आहे. त्यानंतर उजेडाकडे रोखून पुन्हा दाबावे. आता निशाण न येता शटर सुटले, तर सेलेनियम जिवंत आहे. भर उजेडातही निशाण येत राहिले, तर तो गेलेला आहे. दुसरा ट्रिप ३५ विकताना मी या दोन्ही चाचण्यांचे वर्णन लिहिले, निशाणाचे छायाचित्र दिले, मागच्या झाकणातील, प्रकाश आत शिरू न देणाऱ्या फोमचा चिकट झालेला थर मुद्दाम जवळून दाखवला आणि तो बदलावा लागेल असे स्पष्ट लिहिले. सुरुवातीची बोली ९९ पेन्स होती. चौदा जणांनी बोली लावली आणि कॅमेरा ४६ पौंडांना गेला. दोन्ही नग बाहेरून जवळपास सारखेच होते, आणि दुसऱ्यात मी सांगितलेला दोष पहिल्यातही होता.

दोष सांगितल्याने किंमत वाढते, हे ऐकायला उलटे वाटेल, पण माझ्याजवळ त्याचा आणखी ठळक पुरावा आहे. पेंटॅक्सच्या सुपर टाकुमार ५० मिमी एफ १.४ या लेन्सच्या सात भिंगांच्या आवृत्तीत थोरियम मिसळलेली काच वापरलेली आहे. थोरियम किंचित किरणोत्सारी असते आणि त्यामुळे काच वर्षानुवर्षे पिवळी, पुढे चहाच्या रंगाची होत जाते. अतिनील प्रकाशात हा रंग बराचसा उतरतो. मे महिन्यात मी ती लेन्स मागचे झाकण काढून दक्षिणेकडच्या खिडकीत तीन आठवडे ठेवली, आणि त्याआधी व त्यानंतर पांढऱ्या कागदावर ठेवून तिची छायाचित्रे घेतली. वर्णनात थोरियमचा उल्लेख केला, थोडा पिवळेपणा अजून शिल्लक आहे असे सांगितले आणि दोन्ही छायाचित्रे दिली. कोणी बोली लावणार नाही अशी सौभाग्यवतींना भीती होती. ती लेन्स ८४ पौंडांना गेली. घेणाऱ्याने नंतर लिहिलेला अभिप्राय असा होता की ही गोष्ट उघड सांगणारा विक्रेता त्याला बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता.

लेन्सच्या बाबतीत मी पुढे ठरावीक पद्धत पाळली. ढगाळ दिवशी खिडकीजवळ पांढरी चादर अंथरून बाहेरची छायाचित्रे घ्यायची, फ्लॅश वापरायचा नाही. मग अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या मागून टॉर्च धरून एक छायाचित्र घ्यायचे. त्यात धूळ, बुरशीचे धागे, भिंगांमधला डिंक सुटल्याचे डाग, सगळे निर्दयपणे दिसते. छिद्राच्या पात्यांवर तेल आले आहे का, याचे वेगळे छायाचित्र. शेवटी अनुक्रमांकाचे. ईबे एका नगाला २४ छायाचित्रे ठेवू देते आणि मी बहुतेक वेळा वीसच्या वर गेलो.

अनुक्रमांकाचे महत्त्व मला ऑगस्टमध्ये कळले. एका गिऱ्हाइकाने लेन्समध्ये बुरशी असल्याची तक्रार करून ती परत पाठवली. खोके उघडले तर लेन्स त्याच जातीची, पण अनुक्रमांक वेगळा. माझ्या छायाचित्रात मूळ क्रमांक स्पष्ट होता, पॅकिंग करताना घेतलेल्या चित्रफितीतही होता. ते दोन्ही ईबेला पाठवल्यावर निकाल माझ्या बाजूने लागला. त्या पंधरा दिवसांत मला नीट झोप लागली नाही, हेही खरे. ज्याला असा ताण सोसवत नाही त्याने महागडे नग दुकानदारालाच द्यावेत, असे मी प्रामाणिकपणे सांगेन.

बोली कुठून सुरू करावी, यावर मी बरेच प्रयोग केले. ऑलिंपस ओएम-१, पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम२ हे असे कॅमेरे आहेत की ते शोधणारे लोक दर आठवड्याला असतात. ते ९९ पेन्सला सुरू करायला मला सुरुवातीला फार धाकधूक वाटली, पण कमी सुरुवातीमुळे पहिल्या दिवशीच पाच-सहा जण गुंततात, वस्तू त्यांच्या यादीत राहते आणि शेवटच्या मिनिटांत तेच परततात. ओएम-१ ९८ पौंडांना गेला, एफएम२ २१५ ला. ओएम-१ चा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालत असे. त्या सेलवर आता बंदी आहे आणि नेहमीचा १.५ व्होल्टचा सेल घातला तर मीटर चुकीचे दाखवू शकतो, हेही मी लिहिले होते.

याच्या अगदी उलट अनुभव कॉरफील्ड पेरिफ्लेक्सचा. १९५३ मध्ये वॉल्व्हरहॅम्प्टनमध्ये तयार होऊ लागलेला हा इंग्रजी कॅमेरा दुर्मिळ आहे, म्हणून त्याला चांगली किंमत येणार असा माझा समज होता. मी २० पौंडांपासून लिलाव सुरू केला, एकच बोली आली आणि कॅमेरा २० पौंडांना गेला. दुर्मिळ वस्तू हवी असणारे लोकही दुर्मिळ असतात, आणि त्यांतले दोघे एकाच सात दिवसांत हजर असतील याची खात्री नसते. तेव्हापासून अशा वस्तू मी लिलावाला न काढता ठरलेल्या किमतीला ठेवल्या, घासाघीस करायची सोय चालू ठेवली आणि वाट पाहिली. एक नग चार महिने पडून होता, पण हव्या त्या किमतीला गेला. लिलाव हे सर्व मालाचे औषध नाही, हे मला त्या पेरिफ्लेक्सने शिकवले, आणि तो गेल्याचे आजही वाईट वाटते.

ईबेवर वस्तूच्या शीर्षकाला ८० अक्षरांची मर्यादा असते आणि त्यात ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ असे शब्द घालणे म्हणजे जागा वाया घालवणे आहे, कारण ते शब्द कोणी शोधत नाही. कंपनी, मॉडेल, लेन्सचे माप, काम करतो की नाही, एवढेच लिहावे. याचा एक आनंददायक प्रत्यय आग्फा क्लिक ३ च्या वेळी आला. बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला हा साधा खोकेवजा कॅमेरा मी पुण्याच्या जुन्या बाजारात घेतला होता. त्यात १२० या मापाची रुंद फिल्म बसते आणि बारा चौकोनी छायाचित्रे निघतात. तो दहा पौंडांच्या वर जाईल असे मला वाटले नव्हते. शीर्षकात ‘भारतात बनलेला’ हे शब्द घातले आणि दोन बोलीदार शेवटपर्यंत एकमेकांवर चढत राहिले. कॅमेरा ४१ पौंडांना गेला. दोघांपैकी एकाने मला विचारले होते की कातडी पिशवी मूळची आहे का. ती मूळचीच होती, आणि ते मी आधी लिहायला हवे होते.

लिलाव मी रविवारी रात्री आठ ते नऊच्या दरम्यान संपेल असा लावत असे. एकाच जातीचे नग असतील तर प्रत्येकात वीस मिनिटांचे अंतर ठेवत असे, म्हणजे पहिल्यात हरलेला दुसऱ्याकडे वळतो. बहुतेक खऱ्या बोल्या शेवटच्या दहा सेकंदांत येतात, त्यामुळे शनिवारी रात्री किंमत १८ पौंडांवर अडलेली पाहून घाबरू नये. मे महिन्यातल्या बँक हॉलिडेच्या, म्हणजे सार्वजनिक सुट्टीच्या, सोमवारी, लख्ख ऊन पडलेले असताना, संपलेला माझा एक लिलाव मात्र पडेल भावात गेला. लोक बागेत होते. आधी कोणता नग किती पौंडांना खरोखर विकला गेला हे ईबेवर शोधताना ‘विकलेले’ या गाळणीने पाहता येते, आणि ते पाहिल्याशिवाय मी काहीच काढले नाही. लोकांनी मागितलेल्या किमती पाहून मात्र काहीही कळत नाही.

पैसे न देणारे तीन बोलीदार भेटले. चार दिवसांनंतर व्यवहार रद्द करता येतो आणि त्याच्याखालच्या बोलीदाराला दुसरी संधी देता येते. त्यातून एक नग विकला गेला, दोन पुन्हा लिलावाला काढले.

पॅकिंगबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण माझे सर्वांत मोठे नुकसान तिथेच झाले. एका के१००० चा आरसा प्रवासात अडकला. कुरिअर कंपनीने खोके आदळले असणार, कारण त्याचा कोपरा चेपलेला होता, पण लेन्स कॅमेऱ्याला जोडलेलीच ठेवण्याची चूक माझी होती; तिचे वजन माउंटवर, म्हणजे लेन्स जोडतात त्या कडीवर, झटका देते. गिऱ्हाइकाला मी पूर्ण रक्कम परत केली. त्यानंतर लेन्स नेहमी वेगळी काढून, दोन्ही बाजूंना टोप्या लावून, कॅमेरा आणि लेन्स स्वतंत्रपणे बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळली, आणि खोक्याच्या सहाही बाजूंना दोन बोटे जाडीचा कागद कोंबला. खोके हलवल्यावर आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडायचे. बॅटरी काढून टाकायची. रॉयल मेल या ब्रिटनच्या टपालसेवेच्या छोट्या पार्सलची मर्यादा ४५ × ३५ × १६ सेंटिमीटर आणि २ किलो आहे, ती बहुतेक कॅमेऱ्यांना पुरते. भरपाईची रक्कम मात्र वस्तूच्या किमतीएवढी आहे ना, हे दरवेळी पाहावे आणि पोस्टाची पावती जपून ठेवावी.

कराविषयी आपल्या मंडळींमध्ये बरीच भीती आढळली. वर्षाला ३० किंवा त्याहून अधिक विक्री झाली, किंवा रक्कम २,००० युरोंच्या वर गेली, तर संकेतस्थळाला ती माहिती कर खात्याला कळवावी लागते. माहिती कळवली म्हणजे कर लागला असे नाही. स्वतःच्या वापराच्या जुन्या वस्तू विकणे हा व्यापार नव्हे. विकण्यासाठीच वस्तू विकत घेऊ लागलात तर मात्र तो व्यापार ठरतो, आणि वर्षाच्या १,००० पौंडांच्या सवलतीपलीकडे त्याचा हिशेब द्यावा लागतो. मी प्रत्येक नगाची वही ठेवली आहे.

वेळेचा हिशेब केला तर तपासणी, छायाचित्रे, लेखन आणि पॅकिंग मिळून एका नगाला सरासरी तीन तास लागले. तासाच्या मजुरीत मोजले तर हा सौदा फारसा फायद्याचा नाही. पण प्रत्येक कॅमेरा मी शेवटचा एकदा उघडून, पुसून, शटरचा आवाज ऐकून पाठवला, आणि तो कोणाकडे गेला हे मला माहीत आहे. एकगठ्ठा विकला असता तर ते झाले नसते. कपाटात आता चार नग उरले आहेत. त्यांतले तीन, मीटर गेलेले, ‘सुट्या भागांसाठी’ म्हणून एकत्र लिलावाला लावले आहेत. चौथा मुंबईच्या बोरा बाजारातून घेतलेला माझा पहिला कॅमेरा आहे, आणि त्याची छायाचित्रे मी काढलेली नाहीत.