स्तनाच्या पुनर्रचनेनंतर घरी येणारी परिचारिका सेवा : नाशिकमधील अनुभव

माझ्या मोठ्या बहिणीची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वेळी पाठीचा स्नायू पुढे वळवून, त्याखाली इम्प्लांट (स्तनाला आकार देणारे कृत्रिम रोपण) बसवून स्तनाची पुनर्रचनाही करण्यात आली. जखमेच्या आत साठणारा द्रव बाहेरच्या डब्यात ओढून घेणाऱ्या, छातीत एक आणि पाठीत एक अशा दोन ड्रेनच्या नळ्या घेऊनच ताई इंदिरानगरच्या घरी आली. नळ्यांची देखभाल आणि ड्रेसिंग यांसाठी आम्ही गंगापूर रोडवर कार्यालय असलेली एक गृहपरिचारिका सेवा घेतली. तिचे नाव येथे देत नाही, कारण अशा सेवा शहरात अनेक आहेत आणि कोणतीही निवडताना पाहायच्या गोष्टी बहुतांशी सारख्याच आहेत.

नेहमी येणाऱ्या सिस्टरांचे काम उत्तम होते. हात साबणाने नीट धुऊन, हातमोजे घालून त्या ड्रेनचा डबा रिकामा करीत, मोजपात्र सपाट जागी ठेवून पातळी वाचीत, दोन्ही नळ्यांचे आकडे वेगवेगळ्या रकान्यांत लिहीत आणि शेजारी द्रवाचा रंगही नोंदवीत. सुरुवातीचा लालसर द्रव हळूहळू गुलाबी आणि मग फिकट पिवळा होत जाणे अपेक्षित असते. तो पुन्हा एकदम लाल झाला किंवा गढूळ दिसू लागला तर डॉक्टरांना कळवावे लागते. डबा दाबून हवा काढल्याशिवाय त्या झाकण लावीत नसत, कारण आतील ओढ गेली की नळी जागेवर असूनही पाणी शरीरातच राहते. ही ओढ टिकली आहे का, हे दुपारी एकदा बघत जा, असे त्यांनी आम्हाला पहिल्याच भेटीत बजावले होते.

बदलीवर येणाऱ्यांबाबत मात्र असे म्हणता येत नाही. एका रविवारी आलेल्या सिस्टरांनी मोजपात्र न वापरता अंदाजाने आकडा लिहिला आणि तोही दोन्ही नळ्यांची बेरीज करून. वरवर किरकोळ वाटणारी ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते. २४ तासांतला द्रव सलग दोन दिवस ३० मिलिलिटरपेक्षा कमी भरला की ती नळी काढायची, असा नियम बरेच शल्यविशारद पाळतात. नळी लवकर काढली तर पाणी साठते आणि गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवली तर तीच जंतूंना आत जाण्याची वाट ठरू शकते. त्यामुळे हा निर्णय ज्या कागदावर अवलंबून असतो त्यावर अंदाजाला जागा नाही. ताईच्या छातीतली नळी लवकर आटली होती आणि पाठीतली वाहतच होती. बेरजेच्या आकड्यातून यांपैकी काहीच कळले नसते.

पाठीचा स्नायू काढलेल्या जागी पाणी साठणे, म्हणजेच सेरोमा, ही या पद्धतीतील नेहमी आढळणारी तक्रार आहे. त्वचेखाली मोठी पोकळी राहते, कापलेल्या लसिकावाहिन्या (शरीरातील पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) पाझरत राहतात आणि हालचालीमुळे थर एकमेकांना लवकर चिकटत नाहीत. ताईची पाठीतली नळी निघाल्यानंतर तेथे फुगवटा आला, आणि बोटाने दाबले की पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा तो हलत असे. आम्ही सेवेच्या कार्यालयात फोन केला, तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी वेगळे शुल्क घेऊन घरीच सुईने पाणी काढून देण्याची तयारी दाखवली. सिस्टरांनी त्याला ठाम नकार दिला. ‘ताई, आत इम्प्लांट आहे, मी सुई लावणार नाही,’ एवढेच त्या म्हणाल्या आणि आमच्यासमोरच त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

त्यांचे म्हणणे सर्वस्वी योग्य होते. साठलेले पाणी म्हणजे जंतुसंसर्ग नव्हे, आणि थोडे पाणी पुष्कळदा आपोआप जिरते. परंतु त्या पाण्यात जंतू शिरले तर ते तेथे झपाट्याने वाढतात. ते इम्प्लांटपर्यंत पोहोचले तर त्याच्या पृष्ठभागावर चिकट थर करून राहतात, त्या थरात प्रतिजैविके नीट पोहोचत नाहीत आणि कधी कधी इम्प्लांट काढण्यावाचून पर्याय उरत नाही. शिवाय पुढे केमोथेरपी ठरलेली असेल तर तीही लांबते. ताईला मधुमेह असल्याने धोका आधीच वाढलेला होता. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी ओपीडीत, निर्जंतुक व्यवस्थेत पाणी काढले. ते पिवळसर आणि स्वच्छ निघाले. पाणी पुन्हा साठू शकते, असे त्यांनी सांगितले होते आणि तसे ते एकदा साठलेही.

सिस्टरांनी नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलेली यादी मला संपूर्ण सेवेतील सर्वांत उपयोगी वस्तू वाटते: १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, पसरत जाणारी लाली, जागा गरम लागणे, वाढती वेदना, पू किंवा दुर्गंधी. यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे होते.

वेळेच्या बाबतीत सेवा साधारण आहे. नवरात्रात कालिकेच्या यात्रेमुळे मुंबई नाक्याकडची वाहतूक वळवलेली असते, त्या दिवसांतला उशीर समजण्यासारखा होता; इतर दिवशी मात्र उशीर होणार असल्याचे कळवण्याची पद्धत असायला हवी होती. एका भेटीचे ७०० रुपये मला जास्त वाटले नाहीत. महिन्याचे पॅकेज मात्र घेऊ नये, कारण नळ्या निघाल्यावर रोजच्या भेटीची गरज राहत नाही आणि न वापरलेल्या भेटींचे पैसे परत मिळवण्यासाठी आम्हाला बरेच फोन करावे लागले. ड्रेन हाताळण्याचा अनुभव असलेल्या सिस्टर रविवारीही येतील का, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच विचारून घ्यावे आणि उत्तर लेखी मागावे.