ऑटोकॅड एलटी: स्टाइल्स सांभाळायला कसं आहे?

जुळे सोलापुरात माझं छोटं ड्रॉइंग ऑफिस आहे. महापालिकेत मंजुरीला जाणारे बंगल्यांचे प्लॅन, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांचे शेड, साइटवर द्यायचे जिन्याचे नि फूटिंगचे डिटेल, असं सगळं काम ऑटोकॅड एलटीवर, म्हणजे ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या स्वस्त, कमी सोयींच्या आवृत्तीवर चालतं. सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी लोक रॅम किती लागते, स्पीड कसा आहे हे विचारतात. पण ड्राफ्टिंग करणाऱ्याचा दिवस डिमेन्शन स्टाइल (मापं कशी दिसतील), टेक्स्ट स्टाइल (अक्षरं कशी दिसतील) आणि प्लॉट स्टाइल (रेघा कागदावर कशा छापतील) यांतच जातो, म्हणून मी तेवढ्याबद्दलच लिहिते.

सगळ्यात आधी नावं. मेट्रिक टेम्प्लेट (नवीन ड्रॉइंग जिच्यावरून सुरू होतं ती तयार फाइल) उघडलं की ‘स्टँडर्ड’ आणि ‘आयएसओ-२५’ या डिमेन्शन स्टाइल तयारच असतात आणि बहुतेक जण त्याच बदलून वापरतात. त्रास इथेच सुरू होतो. आरसीसी डिझायनरच्या फाइलमधला जिना उचलून आपल्या फाइलमध्ये पेस्ट केला, त्यांचीही स्टाइल ‘आयएसओ-२५’ आणि आपलीही, तर आपल्या फाइलमधली व्याख्या जिंकते. त्यांचा ओव्हरऑल स्केल (मापांची अक्षरं नि बाण किती पट मोठे करायचे तो आकडा) ५० असतो, आपला १, आणि पायरीची मापं मुंगीएवढी होऊन बसतात. सॉफ्टवेअर विचारतसुद्धा नाही. दुसऱ्या फाइलीतल्या स्टाइल्स दाखवणाऱ्या डिझाइन सेंटरमधून (कंट्रोल+२) स्टाइल ओढून आणली तरी नियम तोच, फक्त तिथे खाली कमांड लाइनवर ‘डुप्लिकेट डेफिनिशन्स विल बी इग्नोअर्ड’ असं येतं. ती ओळ वाचायची सवय मी ऑफिसातल्या मुलांना पहिल्याच दिवशी लावते. आमच्या प्रत्येक स्टाइलच्या नावाला ऑफिसची दोन अक्षरं पुढे जोडलेली असतात, आणि सगळ्या स्टाइल्स एकाच डीडब्ल्यूटी टेम्प्लेटमध्ये आहेत. बाहेरून काहीही आलं तरी नाव जुळत नाही, त्यामुळे आपलं बिघडत नाही.

आता या सॉफ्टवेअरचं मला खरोखर आवडणारं काम. आम्ही सगळं मिलिमीटरमध्ये काढतो, कारण सळईचं डिटेल मिमीतच लागतं. महापालिकेच्या प्लॅनवर मात्र मापं मीटरमध्ये हवीत. त्यासाठी ड्रॉइंग लहान करायचं नाही. नवीन स्टाइल करायची, प्रायमरी युनिट्समध्ये स्केल फॅक्टर ०.००१ टाकायचा. २३० ची भिंत तिथल्या तिथे ०.२३ दिसते आणि तेच ड्रॉइंग दोन्हीकडे चालतं. पण प्रिसिजन दोन अंकी ठेवू नका. अर्ध्या विटेची ११५ ची भिंत ०.१२ होते. तीन-तीन मीटरच्या तीन खोल्या, मध्ये दोन अर्ध्या विटेच्या भिंती आणि दोन्ही टोकांना २३० च्या, एवढं मांडून बघा: एकूण माप ९.६९ येतं, सुटी मापं मिळवली तर ९.७०. एक सेंटिमीटरचा हा फरक तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. तीन अंक ठेवले की बेरीज जुळते.

दुसरी सोय म्हणजे पोटस्टाइल. नवीन स्टाइल करताना ‘यूज फॉर’मध्ये रेडियस निवडलं तर सरळ मापांना तिरप्या रेघा आणि गोलाईला बाण, हे एकाच नावाखाली आपोआप होतं. ‘कंपेअर’ बटणाकडे कोणी फारसं बघत नाही, पण दोन स्टाइल्समध्ये नेमका कुठे फरक आहे त्याची यादी ते समोर ठेवतं. दुसऱ्याची फाइल दुरुस्त करताना मी आधी तेच दाबते.

अ‍ॅनोटेटिव्ह सोय २००८ च्या आवृत्तीपासून आहे, तरी आपल्याकडे अजून कितीतरी ऑफिसांत प्रत्येक स्केलची वेगळी स्टाइल चालते. कागदावर अक्षर अडीच मिमी हवं एवढंच सांगा, १:१०० आणि १:५० दोन्हीचं गणित ते स्वतः करतं. एक खबरदारी: टेक्स्ट स्टाइलची उंची शून्यच ठेवा. तिथे आकडा टाकला तर डिमेन्शन स्टाइलमधली उंची चालतच नाही.

मराठीचं सांगायचं तर निर्मला यूआय किंवा मंगल फाँटवर वेगळी टेक्स्ट स्टाइल करा. मालकाचं नाव, पेठ, सिटी सर्व्हे नंबर सगळं नीट उमटतं. ऑटोकॅडच्या स्वतःच्या एसएचएक्स फाँटवर देवनागरी येत नाही, प्रश्नचिन्हं येतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेली आणि तिथे तो फाँट नसला, तर मालकाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो.

प्लॉट स्टाइलवर आमचं सगळ्यात जास्त लक्ष असतं. प्लॉट स्टाइलच्या सीटीबी फाइलमध्ये २५५ रंगांना प्रत्येकी जाडी नि शाई ठरवता येते. मंजुरीच्या प्लॅनवर नवीन बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं, ड्रेनेजची लाइन लाल तुटक. साइटच्या आरसीसी शीटवर मात्र सगळं काळं, फक्त जाडी वेगळी. म्हणून दोन सीटीबी. ही फाइल डीडब्ल्यूजीच्या, म्हणजे ड्रॉइंगच्या फाइलच्या, पोटात जात नाही. नुसतं ड्रॉइंग पेनड्राइव्हवर दिलं तर प्रिंटच्या दुकानातून हमखास फोन येतो, “ताई, सगळ्या रेघा एकसारख्याच यायल्यात की ओ!” ई-ट्रान्समिटने सीटीबी नि फाँट सोबत बांधून द्या, नाहीतर पीडीएफच द्या. मी पीडीएफ देते.

एलटीची खरी उणीव एकच, पण मोठी. पूर्ण ऑटोकॅडमध्ये डीडब्ल्यूएस फाइलशी (ठरलेल्या स्टाइल्सची नमुना फाइल) ताडून चुकीचे लेयर (ड्रॉइंगचे थर) नि चुकीच्या स्टाइल पकडणारं स्टँडर्ड्स चेकर आहे, दुसऱ्याचे लेयर आपल्या नावांत बदलणारं लेयर ट्रान्सलेटर आहे. एलटीत दोन्ही नाहीत, सगळं डोळ्यांनी तपासावं लागतं. एकट्या ड्राफ्ट्समनला, किंवा दोन टेबलांच्या ऑफिसला, चांगलं टेम्प्लेट असेल तर एलटी पुरे. चार-पाच जण एकाच प्रोजेक्टवर बसत असतील आणि रोज बाहेरच्या फाइली येत असतील, तर सबस्क्रिप्शनचे जास्तीचे पैसे मोजून पूर्ण ऑटोकॅडच घ्या.