भुसावळची रेल्वे वसाहत : बंगल्यांपेक्षा चाळींसाठी जावे अशी माहितीफेरी

भुसावळच्या जुन्या रेल्वे वसाहतीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक जाणकार सकाळच्या वेळी माहितीफेरी काढतात. खानदेशातली शहरे कशी वाढली याचे कुतूहल असलेल्या प्रत्येकाने ती जरूर करावी.

मुंबईकडून आलेला लोहमार्ग येथे दुभंगतो. एक फाटा १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, तर खंडव्याकडे वळलेला १८७० मध्ये जबलपूरला जाऊन मिळाला. इंजिनाला कोळसा-पाणी, गाडीला ताज्या दमाचे ड्रायव्हर-फायरमन आणि दुरुस्तीला कारखाना या सांध्यावर लागणारच होता, आणि तापीही जवळच होती. त्यामुळे एका लहानशा गावाशेजारी रेल्वेने आपले दुसरे गाव वसवले.

घरांच्या रचनेतून नोकरीतली उतरंड कशी वाचावी, हे येथे फार चांगले उलगडते. साहेबाच्या बंगल्याला चहूबाजूंनी आवार, तर कामगारांच्या वाट्याला एकाच छपराखाली ओळीने लागलेल्या खोल्या. अशाच एका जुन्या ओळीसमोर आम्हाला थांबवून जाड भिंती, छताजवळचे झरोके, पुढचा अरुंद ओटा आणि सफाई कामगाराने मागच्या मागे यावे-जावे म्हणून सोडलेली गल्ली दाखवण्यात आली. त्या भिंतींचे मोल आपल्याकडच्या मे महिन्यात कोणालाही कळेल. मात्र त्या गल्लीच्या रूपाने जातिभेदही नकाशात आखला गेला होता, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले, याचा मला आदर वाटतो.

वाफेच्या इंजिनांच्या काळात कॉलबॉय रात्री-अपरात्री वही घेऊन दार ठोठावत असे आणि ड्युटीची वेळ सांगून सही घेत असे. म्हणून रनिंग स्टाफची, म्हणजे गाडीवर काम करणाऱ्या ड्रायव्हर-फायरमन मंडळींची, घरे लोको शेडपासून, म्हणजे इंजिने ठेवण्याच्या जागेपासून, पायी अंतरावर ठेवणे भागच होते. वसाहतीचा नकाशा या एका माहितीने जितका उमगला, तितका इतर कशानेही उमगला नाही.

उणीव एवढीच, की ‘पंधरा बंगला’ नावाच्या भागाकडे बराच वेळ जातो आणि हद्दीवाली चाळ, आगवाली चाळ यांची केवळ नावे घेऊन फेरी पुढे सरकते, वास्तविक कामगारवस्तीचा इतिहास तेथेच सर्वाधिक दाटलेला आहे. हाती एखादा छापील नकाशाही द्यायला हवा. क्वार्टर्समध्ये आजही कुटुंबे राहतात, तेव्हा विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. शक्यतो हिवाळ्यात जावे आणि चाळींसाठी अधिक वेळ हवा असल्याचे नाव नोंदवतानाच सांगून ठेवावे.