दुसऱ्याच डोसला बाटली रिकामी झाली, तरी मी गप्प बसले

वजन उतरवण्याचं इंजेक्शन ऑनलाइन विकणाऱ्या माणसाला १८,७४९ रुपये दिले. दवाखान्याचे २७,४६०. एकूण ४६,२०९. आकडे तोंडपाठ आहेत, कारण बावीस वर्षं मी पतसंस्थेत कॅशियर आहे. पाचशेची खोटी नोट माझ्या बोटांना न बघता कळते. हे लिहितानाही लाज वाटतेय, पण लिहिते.

माझं वजन ८६, गुडघ्यांनी असहकार पुकारलेला, शुगर आहेच. माउंजारो, म्हणजे शुगर आणि वजन उतरवणारं आठवड्याचं इंजेक्शन, मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक बाटली ३,५०० ला होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याचे १४,०००. सासूबाईंचं इन्सुलिन आणि मुलाची फी सांभाळून एवढे कुठून आणायचे? शिवाय आमचे डॉक्टर म्हणाले, आधी रक्त तपासू, सोनोग्राफी करू, मग ठरवू. मला वाटलं, उगाच लांबण लावताहेत. तेवढ्यात मैत्रिणीच्या ग्रुपवर हा ‘वेट लॉस कोच’ भेटला. गोड बोलणं, दर वाक्याला ‘ताई’. तेच इम्पोर्टेड औषध, फक्त खोका नाही म्हणून स्वस्त. तीन बाटल्या, तीन महिने, ११,५००. वर ‘कोल्ड बॉक्स’चे ३५०.

पैसे पाठवताना स्क्रीनवर त्याचं नाव नव्हतं, कुठल्याशा मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाचं होतं. म्हटलं, भावाचं असेल! हे मी म्हटलं, जी काउंटरवर सहीत एक वेलांटी कमी दिसली तरी चेक परत करते.

पार्सल जुलैत, पैसे पाठवल्यावर चौथ्या दिवशी आलं. बर्फाची पिशवी नाही, थर्माकोल नाही, साधा पुठ्ठा. ही औषधं उघडण्याआधी २ ते ८ डिग्रीत ठेवायची असतात. आत द्रव नव्हताच, पांढरी पावडर होती आणि पाण्याची वेगळी बाटली. खरं माउंजारो तयार द्रवच येतं, पावडर कालवायची भानगडच नाही. लेबलवर बॅच नंबर नाही, किंमत नाही, आयात करणाऱ्याचं नाव नाही. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘फक्त संशोधनासाठी’. ते मी दवाखान्यात चष्मा लावून वाचलं.

त्याचा मेसेज असा: दहा मिलिग्रॅम पावडरीत एक मिली पाणी घाला, दर रविवारी २५ युनिट घ्या. एका बाटलीत चार डोस. सिरिंज त्याने पाठवली नव्हती. सासूबाईंच्या लाल टोपीच्या घरात होत्याच, त्यातलीच वापरली.

आता नीट वाचा. लाल टोपीची सिरिंज यू-४० असते, त्यात ४० युनिट म्हणजे एक मिली. केशरी टोपीची यू-१००, तिच्यात १०० युनिट म्हणजे एक मिली. त्याचा हिशेब केशरीचा होता. मी २५ युनिट घेतले म्हणजे पाव मिलीच्या जागी ०.६२५ मिली, सरळ अडीचपट. २.५ मिलिग्रॅमने सुरुवात करायची असते, मी ६.२५ वर उडी मारली. तेही लेबल खरं धरलं तर.

पहिला आठवडा मळमळीत गेला. कोच म्हणाला, “ताई, औषध लागू पडतंय.” दुसऱ्या रविवारी सिरिंज अर्धी भरली आणि बाटली संपली. चार डोस निघायला हवे होते, दोनही निघाले नाहीत. संध्याकाळी रोकड दहा रुपयांनी जुळली नाही तर मी घरी जात नाही, आणि इथे निम्म्याहून जास्त बाटलीचा हिशेब लागत नव्हता. मी काय केलं? दुसरी बाटली फोडून डोस पुरा केला. त्याला विचारलं, तर म्हणे पाणी उडून जातं, आणखी एक बाटली घेऊन ठेवा. ३,९००. पाठवले. ती बाटली आजतागायत आली नाही.

मंगळवारी काउंटरवरच कोसळले. दोन दिवस उलट्या, पोटात अन्न नाही, आणि शुगरची ग्लिमेपिराइड मात्र वेळेवर गिळत होते. शुगर ४८. ही गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर या इंजेक्शनांबरोबर शुगर घसरू शकते, डोस डॉक्टरांनीच बदलायचा असतो. कोचने गोळ्या विचारल्या नव्हत्या, मी सांगितल्या नव्हत्या. दवाखान्यात पहिला प्रश्न होता, “त्यात इन्सुलिन तर नव्हतं ना?” २०२३ मध्ये ऑस्ट्रियात ओझेम्पिक या अशाच इंजेक्शनच्या नकली पेनांमुळे शुगर घसरून, झटके येऊन माणसं दवाखान्यात गेली होती, पेनात इन्सुलिन असल्याचा संशय होता. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही नकली पेनांबद्दल इशारा दिला होता. माझ्या बाटलीत काय होतं, कोणालाच माहीत नाही. ही इंजेक्शनं घेताना पोट सतत दुखून कळ पाठीत जात असेल तर घरी बसू नका, स्वादुपिंडाला सूज असू शकते. रक्ताच्या नात्यात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झालेला असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

आणि हो, ‘रिफंड प्रोसेसिंग’चे २,९९९ मी दवाखान्यातून घरी आल्यावर भरले. हसा.

पोलीस ठाण्यात गेले. “मॅडम, तुम्ही स्वतःच टोचून घेतलं ना?” मग शेजारचा शिपाई, “सकाळी चालायला जायचं.” औषधाचं आमच्याकडे येत नाही म्हणाले. औषधांवर नजर ठेवणाऱ्या कार्यालयात गेले, तर बिल आणा. बिल असतं तर कुठलं दुकान ते मीच सांगितलं नसतं का! दुकान नाही म्हटल्यावर ऑनलाइन व्यवहार, म्हणून पुन्हा पोलीस. पोलीस म्हणाले, बाटलीत काय आहे त्याचा रिपोर्ट आणा. कार्यालय म्हणालं, उघडलेली बाटली तपासणीला चालत नाही. न उघडलेली तिसरी नेली, तर साहेब दौऱ्यावर. तीन रजा गेल्या, पगार कापला गेला. बँकेने ईमेलवर कळवलं, व्यवहार आपण स्वतः केलेला आहे. मी कधी म्हटलं की भुताने केला? तेही आठ दिवसांनी कळवलं, तोवर पैसे दोन खाती पुढे गेले होते. पैसे गेले की त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, लाज नंतर. मी सहा दिवस लाजत बसले. बाटल्या, सुया, पाकीट काही फेकू नका.

तिसरी बाटली फ्रिजमध्ये सासूबाईंच्या इन्सुलिनपासून लांब, स्टीलच्या डब्यात ठेवलीय, वर चिठ्ठी: हात लावू नये. साहेब फोन करणार होते. अकरा आठवडे झाले.